राणीच्या बागेत जाऊन पेंग्विनच बघून येता का? (भाऊ दाजी लाड म्युझियम आणि इतर)

लोकलप्रवासी (धागाकर्ता)

राणीची बाग म्हटलं की हल्लीच्या पोरांना पेंग्विन आठवतात, आमच्या पिढीला पाणघोडा आठवतो, पण त्याच आवारात मुंबईतलं सगळ्यात जुनं म्युझियम उभं आहे हे विचारलं तर निम्मे लोक "हो का? कुठे?" म्हणतात. दर रविवारी हजारो माणसं त्याच्या दारावरून पुढे पिंजऱ्यांकडे जातात आणि त्यातली फार थोडी आत वळतात. म्हणून हा धागा.

डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. २ मे १८७२ ला लोकांसाठी उघडलं, तेव्हा नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, १९७५ साली सध्याचं नाव दिलं. ज्यांचं नाव दिलं ते भाऊ दाजी ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले डॉक्टर, कुष्ठरोगावर औषध शोधायचे, उरलेल्या वेळात जुने शिलालेख वाचायचे, शिवाय मुंबईचे पहिले भारतीय शेरीफ (शहरातलं मानाचं पद). हे म्युझियम व्हावं म्हणून नाना शंकरशेट आणि ते वर्गणीसाठी लोकांच्या मागे लागले होते. पायाभरणी १८६२ ची, तेव्हा अमेरिकेतल्या यादवीमुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव होता, सगळे शेअरच्या नादात, पैसा वाहत होता. १८६५ ला फुगा फुटला, देणगीदारच बुडाले, काम रखडलं आणि शेवटी सरकारला हात घालावा लागला. नाना शंकरशेट त्याच वर्षी गेले, त्यांना ही इमारत पूर्ण झालेली बघायला मिळालीच नाही.

आत शिरलात की आधी वस्तूंकडे जाऊ नका, मान वर करा. ओतीव लोखंडाचे खांब, वरच्या मजल्याला गोल फिरणारी गॅलरी, तिचे कठडे, छतावरची नक्षी, फिकट हिरव्यावर सोनेरी काम, पायाखाली इंग्लंडच्या मिंटन कंपनीच्या टाइल्स. हे सगळं मधल्या काळात धूळ, ओल आणि चुकीच्या रंगांच्या थरांखाली गेलं होतं. मग २००३ मध्ये महापालिका, इन्टॅक (वारसा जपणारी संस्था) आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी मिळून काम हाती घेतलं, २००५ ला त्याला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाला आणि जानेवारी २००८ मध्ये म्युझियम परत उघडलं.

आता मुद्द्याचं. मी म्युझियममध्ये पाट्या वाचत फिरत नाही, मला झोप येते. मी प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारतो, बाई तू इथे आलीस कशी? कोणी आणली, कोणाला दाखवायला आणली, आणि आणली नसती तर तू आत्ता कुठे असतीस. शहराच्या म्युझियममध्ये हा प्रश्न फार कामाला येतो कारण तिथे अर्ध्या वस्तू कलेसाठी आलेल्याच नसतात. इथला मूळ संग्रहच बघा ना, १८५५ च्या पॅरिसच्या प्रदर्शनाला माल पाठवायचा होता, त्या निमित्ताने जमवलेल्या नमुन्यांतून तो सुरू झाला. थोडक्यात हा माल खपवायचा कॅटलॉग होता, त्याचं म्युझियम झालं. हस्तिदंत, बिदरी (काळ्या धातूवर चांदीची नक्षी), लाखकाम, चांदी, सगळं त्या नजरेने बघितलं की वेगळंच दिसतं.

तुमच्या गावातल्या म्युझियमबद्दलही लिहा. पण "छान आहे, जरूर बघा" एवढंच नको, एखादी तरी वस्तू नीट सांगा.

---

जुनी_खिडकी

मस्त धागा. तुमच्या प्रश्नाला सगळ्यात भारी उत्तर देणारी वस्तू तर इमारतीच्या बाहेरच आहे आणि तिच्याकडे कोणी बघत नाही. तो दगडी हत्ती!

घारापुरीच्या किनाऱ्याजवळ हा हत्ती होता, त्याला बघूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव ठेवलं. एकोणिसाव्या शतकात आधी त्याची मान पडली, मग धड खचलं. १८६४ साली साहेबाच्या मनात आलं की हा इंग्लंडला न्यावा. उचलायला गेले आणि क्रेनची साखळी तुटली, हत्ती खाली आपटून तुकडे तुकडे. मग ते तुकडे इथे बागेत आणून टाकले आणि १९१४ मध्ये जोडून उभा केला. जवळ जाऊन बघा, सांधे सरळ दिसतात. म्हणजे साखळी मजबूत असती तर आज तो लंडनमध्ये असता आणि आपण "परत द्या" म्हणून भांडत बसलो असतो.

---

शंकासूर

धागा चांगला आहे पण एक खटकलं. इंग्रजांनी इंग्रजांच्या राणीच्या नावाने बांधलेलं म्युझियम, आत राणीच्या नवऱ्याचा संगमरवरी पुतळा, वर मजल्यावर "बघा इथले लोक कसे कसे असतात" म्हणून मातीच्या बाहुल्या. त्याचं सोनेरी काम परत चमकवायला एवढा खर्च कशाला? आणि आपण तिथे जाऊन वॉव म्हणायचं?

---

लोकलप्रवासी

शंकासूर, वॉव म्हणायलाच पाहिजे असं कुठेय. पण अल्बर्टच्या पुतळ्याचा चौथरा बघा. तो डेव्हिड ससूनने दिलेला, बगदादहून आलेला ज्यू व्यापारी, म्हणून खाली हिब्रूत मजकूर आहे. इंग्लंडच्या राजपुत्राचा पुतळा, देणारा बगदादी ज्यू, वर्गणी गोळा करणारे मराठी शेट आणि मराठी डॉक्टर. याला फक्त "इंग्रजांचं" म्हणून सोडून दिलं तर नाना शंकरशेट आणि भाऊ दाजी त्यांच्याच खात्यात जातात. मला नाही द्यायचे.

बाहुल्यांचं मात्र तुम्ही म्हणता ते पटतं. त्यावर कोणीतरी नीट लिहा.

---

मातीकाम

मी लिहिते, कारण मला त्या बाहुल्या फार आवडतात आणि त्यांचा रागही येतो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला म्युझियमचे क्युरेटर आणि जे.जे. स्कूल ऑफ आर्टचे लोक यांचा जवळचा संबंध होता, त्या काळात ही मातीची मॉडेल्स करवून घेतली. मुंबईत राहणाऱ्या वेगवेगळ्या समाजांची माणसं, त्यांचे धंदे, कपडे. एका ठिकाणी नुसती डोकी आहेत, प्रत्येकावर वेगळी पगडी. एखाद्याची पगडी बघून त्याची जात, गाव, धंदा सगळं सांगता यायचं तो काळ. साहेबाला रयतेची यादी हवी होती, कप्पे करून, लेबल लावून. राग त्याचा.

पण आता जवळ जाऊन बघा. ज्या हातांनी ती केली ते हात इथलेच होते. धोतराचा सोगा कसा धरलाय, पगडीचे पेच कुठल्या बाजूला वळलेत, बसलेल्या माणसाच्या गुडघ्यावर वजन कसं आलंय. ही निरीक्षणं यादी करणाऱ्याची नाहीत, रस्त्यावर उभं राहून माणसं बघणाऱ्याची आहेत. साहेबाने "नमुना" मागितला आणि कारागिराने शेजारी बसणारा माणूस करून दिला असं मला वाटतं. हे माझं मत आहे, पाटीवर असलं काही लिहिलेलं नसतं. आणि पाटीवर कारागिराचं नाव तरी कुठे असतं. क्युरेटरचं असतं.

---

चष्मिष्ट

मातीकाम +१. वाखु (वाचनखूण) साठवली.

---

आईबाबा_मोड

आमचे दोघे ७ आणि १०. पिंजऱ्यांपुढे दोन तास काढले तरी कंटाळत नाहीत आणि म्युझियममध्ये दहा मिनिटांत "चला ना". काय करायचं?

---

मातीकाम

सगळं दाखवू नका. मुळीच नको. आत शिरल्यावर सांगा की एकच वस्तू निवडायची आणि बाहेर येऊन मला तिचं वर्णन करायचं, मी ओळखते की नाही बघू. एकदा हे डोक्यात शिरलं की स्वतःहून जवळ जाऊन बघतात, कारण आईला हरवायचं असतं. मुंबईच्या सात बेटांचा नकाशा दाखवा आणि आपलं घर पाण्यात होतं की जमिनीवर ते शोधायला सांगा. आमच्याकडे त्यावरून घरी येईपर्यंत भांडण झालं होतं, माझं घर बेटावर आणि तुझं समुद्रात म्हणून.

आणि पेंग्विन नंतर. आधी पेंग्विन दाखवले तर संपलंच.

---

पेशवाई_बाकरवडी

पुण्यातून हजेरी. धागाकर्त्याच्या प्रश्नाचं ("आलीस कशी") राजा दिनकर केळकर संग्रहालयाइतकं सरळ उत्तर कुठेच मिळणार नाही. एका माणसाने आणली, संपलं. दिनकर केळकर, कवी अज्ञातवासी, चष्म्याचं दुकान होतं त्यांचं. लहान मुलगा राजा गेला, त्याच्या नावाने हे सगळं. गावोगाव फिरून लोकांच्या माळ्यावरचं, अडगळीतलं जमवलं आणि नंतर सगळं राज्य सरकारला देऊन टाकलं.

मी तिथे गेलो की फक्त अडकित्ते बघतो. पितळी, लोखंडी, पोपटाच्या आकाराचे, घोड्याच्या आकाराचे, बाई-माणूस जोडीचे. सुपारी कातरायचं यंत्र हो, त्याला एवढी मिजास! कोणीतरी लोहाराला किंवा तांबटाला सांगितलं असणार की मला साधा नको. शेजारी दिवे आहेत, वज्र्या आहेत पाय घासायच्या, त्यांच्यावरही मोर. राजेरजवाड्यांच्या तलवारी कुठेही बघायला मिळतात, पाय घासायच्या वज्रीवर मोर बसवणारी माणसं कशी असतील ते फक्त इथे कळतं.

मस्तानी महालही आत आहे, कोथरूडहून आणून परत उभा केलेला. म्हणजे जुन्या इमारतीत म्युझियम आणि म्युझियममध्ये जुनी इमारत.

---

लोकलप्रवासी

वा! इमारतीत इमारत वरून आठवलं, फोर्टातल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तु संग्रहालयातही असंच आहे. आपण घुमट बघतो (विजापूरच्या गोलघुमटावरून घेतलेला), वास्तुरचनाकार जॉर्ज विटेटचं नाव घेतो, कुर्ल्याचा दगड, मालाडचा दगड वगैरे. पण आतल्या मधल्या दालनातली लाकडी कमानींची रचना नाशिकच्या एका वाड्यातून विकत घेतलेली आहे. वाड्याचं काय झालं असेल कोण जाणे, कमानी मात्र टिकल्या.

त्या इमारतीची अजून एक गंमत, १९१४ मध्ये बांधून झाली आणि लगेच पहिलं महायुद्ध, त्यामुळे म्युझियम व्हायच्या आधी ती लष्करी हॉस्पिटल झाली. म्युझियम म्हणून उघडायला १९२२ उजाडलं.

---

अंधारयात्री

थोडी कुरकुर करू का? एका मोठ्या म्युझियममध्ये (नाव नको, उगाच वाद नको) लघुचित्रांच्या दालनात इतका अंधार की चष्मा लावून, वाकून, नाक काचेला टेकवून पण काही दिसेना. वीज वाचवतात का? आईला तर काहीच दिसलं नाही. आणि मोबाइलचा टॉर्च लावला तर अंगावर धावून आले.

---

परांचीवाला

अंधारयात्री, मी याच क्षेत्रात आहे म्हणून सांगतो, वीज वाचवत नाहीत. कागद, कापड, जलरंग यांना प्रकाशाने इजा होते आणि ती साठत जाते, भरून निघत नाही. आज अर्धा तास जास्त उजेड दिला तर तेवढा रंग कायमचा गेला, रात्रभर अंधारात ठेवून परत येत नाही. म्हणून अशा वस्तूंना साधारण ५० लक्सच्या (उजेड मोजायचं माप) वर उजेड देत नाहीत, ऑफिसच्या टेबलावर त्याच्या कितीतरी पट असतो. तैलचित्रांना थोडा जास्त चालतो, दगडाला आणि धातूला फारसा फरक पडत नाही. त्यामुळे शिल्पांचं दालन लख्ख आणि लघुचित्रांचं काळोखात.

उपाय एकच, उन्हातून थेट त्या दालनात शिरू नका. आधी शेजारच्या खोलीत पाच-दहा मिनिटं फिरा, डोळे सरावतात. आईंना सुद्धा दिसेल. काही ठिकाणी भिंग मागितलं तर देतात, विचारून बघा.

जुन्या इमारतीत म्युझियम चालवणं हा एक वेगळाच ताप आहे हेही सांगतो. मोठ्या खिडक्या, उंच छतं, हे सगळं माणसाला हवेशीर वाटावं म्हणून केलेलं. वस्तूला हवेशीर नको असतं, तिला एकसारखी हवा हवी असते, पावसाळ्यातली ओल आणि मे महिन्यातला कोरडेपणा दोन्ही नको. खिडक्या बंद करून एसी लावावा तर चुन्याच्या भिंती श्वास कुठून घेणार, त्यांच्यात ओल अडकते. इमारत वाचवायची की वस्तू, रोजचं भांडण. भाऊ दाजी लाडचं काम वास्तुसंवर्धक विकास दिलावरींनी केलं, ते जाऊन फक्त दारं, खिडक्या आणि जुनी शोकेस बघा. लाकडी कपाटं मूळचीच ठेवलीत, आत आधुनिक सोय कशी बसवली असेल याचा विचार करत मी तर वस्तू बघायचंच विसरतो.

---

अंधारयात्री

हे कोणी तिथे पाटीवर लिहिलं असतं तर मी भांडलोच नसतो. धन्यवाद.

---

तांबडापांढरा

कोल्हापूरचं राहिलं! टाउन हॉल म्युझियम. मेजर मँटने १८७० च्या दशकात बांधलेली गॉथिक इमारत, टोकदार छपरं, भोवती बाग. न्यू पॅलेसला गर्दी आणि इथे शुकशुकाट.

आत ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेल्या वस्तू आहेत. त्यात पोसायडनची छोटीशी ब्रॉंझची मूर्ती. पोसायडन म्हणजे ग्रीकांचा समुद्रदेव. कोल्हापूरला समुद्र कुठला ओ? पंचगंगेच्या काठावर सातवाहनांच्या काळात कोणीतरी ही वस्तू बाळगून होता, घाटाखालच्या बंदरातून बैलावर लादून आली असेल नाहीतर कोणा व्यापाऱ्याच्या कमरेला. धागाकर्ते, तुमचा "आलीस कशी" प्रश्न हिला विचारा आणि बसा. शिवाय आबालाल रहमान यांची चित्रं आहेत, त्यांच्यासाठीच मी जातो खरं तर.

---

शंकासूर

परत एकदा मीच. धागा वाचून रविवारी भाऊ दाजी लाडला जाऊन आलो. आतलं नंतर सांगतो, मला मागच्या अंगणात जास्त वेळ लागला. शहरातून काढलेले पुतळे तिथे आणून ठेवलेत. त्यात व्हिक्टोरिया राणी पण आहे, नाक फुटलेली. घरी येऊन वाचलं तर तोच पुतळा, बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी दिलेला, ज्याला दामोदर चापेकरांनी १८९६ मध्ये डांबर फासलं होतं आणि गळ्यात खेटरांची माळ घातली होती!! आणि डांबर काही केल्या निघेना तेव्हा ते काढलं कोणी तर प्रोफेसर त्रिभुवनदास गज्जर, आपलाच रसायनशास्त्रज्ञ. पुतळा देणारा मराठा राजा, फासणारा चित्पावन क्रांतिकारक, पुसणारा गुजराती प्रोफेसर. राणीचा यात संबंध काय, ती बसलीय नुसती.

काळा घोडा पण बागेतच आहे. १९६५ मध्ये चौकातून उचलून आणलेला, वर सातवा एडवर्ड. फोर्टात २०१७ साली नवीन घोडा बसवला तो बिनस्वाराचा. मला विचाराल तर नवा घोडा दिसायला बरा आहे पण स्वारासकट जुना घोडा बघितल्याशिवाय नव्याच्या रिकाम्या पाठीचा अर्थ लागत नाही.

सोनेरी कामावर खर्च कशाला हे माझं मत अजून तसंच आहे. पण पुतळे फोडायला नकोत, असेच मागच्या अंगणात उभे करावेत, उन्हापावसात. लोकांनी जवळ जाऊन नाक कसं फुटलं ते बघावं.

---

मातीकाम

शंकासूर, तुम्ही पक्के म्युझियमवाले निघालात.

---

जुनी_खिडकी

यावरून आठवलं, भाऊ दाजी लाडमध्ये मधून मधून हल्लीच्या चित्रकारांची प्रदर्शनं पण होतात आणि ती वेगळ्या हॉलमध्ये नाही, जुन्या कपाटांच्या मधोमध. सुदर्शन शेट्टी, जितीश कल्लाट, अतुल दोडिया सगळ्यांनी केलंय. काहींना आवडत नाही, म्हणतात जुन्यात नवीन कशाला घुसवलं. मला आवडतं. दीडशे वर्षांच्या शोकेसशेजारी काल केलेली वस्तू ठेवली की शोकेसमधली पण कोणीतरी एके काळी "कालच" केली होती हे डोक्यात येतं.

---

घाईगडबड

सगळं वाचलं नाही, फक्त एवढं सांगा. भायखळ्याहून कसं जायचं, आणि एका दिवसात हे आणि फोर्टातलं दोन्ही होईल का?

---

लोकलप्रवासी

भायखळा स्टेशनला पूर्वेला उतरायचं, चालत जाता येतं, डेव्हिड ससूनचा घड्याळाचा टॉवर दिसला की पोचलात. दोन्ही एका दिवसात करू नका हो. होतात, पण दुसऱ्या ठिकाणी तुम्ही फक्त बाकडी शोधाल. हे लहान आहे, दोन तासांत आरामात होतं. फोर्टातलं प्रचंड आहे, तिथे एका दिवशी एकच मजला घ्या, किंवा नुसती शिल्पं घ्या आणि बाहेर पडा.

---

घाईगडबड

ओके. बुधवारी सुट्टी टाकलीय, सासूबाईंना घेऊन जाते. त्यांचं बालपण लालबागला गेलंय, म्हणतात म्युझियम आतून कधी बघितलंच नाही, कायम हत्तीवर बसायला जायचो.

---

जुनी_खिडकी

बुधवारी बंद असतं!! बाग पण आणि म्युझियम पण. सुट्टी गुरुवारी ढकला. सकाळी लवकर जा, शाळांच्या सहली यायच्या आधी. आणि सासूबाईंना वरच्या मजल्यावर त्या पगड्यांपुढे जरा वेळ उभं करा, लालबागच्या आहेत म्हणजे त्यातल्या दोन-तीन तरी त्या नावानिशी ओळखतील. ओळखल्या तर इथे येऊन लिहा, पाटीवर नाही ते आम्हाला कळेल.